उघडी राहिलेली बाहुली

माझं ब्युटी पार्लर तेरमध्ये आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. मागं आम्ही राहतो: मी, नवरा आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्या म्हणायची रीत, म्हणून मीही आत्याच म्हणते. नवऱ्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान स्टँडजवळ आहे. ही गोष्ट घडली तेव्हा नणंद धाराशिवला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला घरी यायची.

चष्मा मला शाळेत पाऊल टाकलं तेव्हापासूनचा. नंबर वाढत गेला आणि काचा बाटलीच्या बुडासारख्या झाल्या. इतर कामं त्या चष्म्यावर निभली असती, पण पार्लरचं काम वेगळं. बाई खुर्चीत मान मागं टाकून बसते, मी तिच्या चेहऱ्यावर वाकते, दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांत. त्यात चष्मा नाकावरून घसरला की तो वर सारायला हातच रिकामा नसतो. खालून बाईचा श्वास लागून काचा धुरकट होतात. एकदा एका नवरीची अर्धी भुवई नुसत्या अंदाजानं कोरली होती. ती चांगली निघाली, पण त्या दिवशी पुढच्या बाईला मी हात लावला नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहिल्या. पावडर आणि रस्त्याची धूळ, डोळे कायम लाल. लेझरचं विचारायला सोलापूरला गेले तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा नंबर फार आहे आणि बुबुळाचा पडदा पातळ आहे. लेझर नको. पण डोळ्याच्या आत भिंग बसवता येतं. रंगीत भागाच्या मागं, तुमच्या स्वतःच्या भिंगाच्या पुढं. तुमचं काही काढायचं नाही, फक्त एक जास्तीचं ठेवायचं."

घरी सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, "चष्म्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

त्या एवढंच बोलल्या. आडव्या आल्या नाहीत.

डावा डोळा आधी झाला. पट्टी काढली तेव्हा पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसली आणि मला हसू फुटलं. येताना गाडीतून बाभळीच्या फांद्यांवरचे काटे दिसत होते. घरी पोचले तर अंगणाच्या त्या टोकाला आत्या उभ्या, आणि त्यांच्या हनुवटीवरचं हिरवं गोंदण मला इकडून दिसलं. मी ते तिथूनच ओरडून सांगितलं. आत्या लाजल्या. म्हणाल्या, "आता समदं दिसंल बग तुला. मोरीतला कचराबी."

पुढच्या आठवड्यात उजवा डोळा झाला. ऑपरेशननंतर तिथंच बसवून ठेवलं, डोळ्याचा दाब पाहिला, तो ठीक होता, आणि दुपारनंतर आम्हाला सोडलं. "खूप दुखलं तर लगेच फोन करा," असं बजावून सांगितलं होतं. धाराशिव यायच्या आत उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू झाला. गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उलटी केली. नवरा म्हणाला, "ऊन लागलं असंल." मलाही तसंच वाटलं. घरी आत्यांनी सुंठेचा लेप लावला. खूप म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडं बायका पाठ धरली तरी भाकऱ्या थापतात. मी कुशीवर पडून राहिले. उजाडलं तेव्हा त्या डोळ्यापुढं नुसतं धुकं होतं आणि डोकं कुणी पक्कडीत धरल्यासारखं.

नवऱ्यानं फोन केला आणि आम्ही पुन्हा सोलापूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि आधी डोळ्यातलं पाणी थोडं सोडलं. ठणका तिथल्या तिथं उतरला. मग त्यांनी समजावलं. भिंग बसवताना डोळ्यात एक चिकट औषध भरतात आणि शेवटी धुऊन काढतात. त्याचा काही अंश मागं राहिला आणि पाण्याची वाट अडली. दाब चढला. आता उतरला. नजर वाचली.

मला वाटलं, सुटले.

आठवड्यानं तोंड धुऊन पार्लरच्या मोठ्या आरशात पाहिलं. डाव्या डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होती. उजव्या डोळ्यात तपकिरी रंग जवळजवळ उरलाच नव्हता. सगळा काळा, कडेला दोऱ्याएवढी तपकिरी किनार. बाहुली मोठी करायचे थेंब अजून उतरले नसतील म्हणून मी वाट पाहिली. मोबाईलची बॅटरी लावून डाव्या डोळ्यावर धरली की डावी बाहुली पटकन आकसायची. उजवीवर धरली की काहीच नाही. सताड उघडं दार, आणि आत कुणी नाही, तसं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "बाहुली म्हणजे एक भोक," त्या म्हणाल्या. "त्याच्याभोवती गोल स्नायू असतो. उजेड आला की तो भोक बारीक करतो. दाब चढला तेव्हा त्या स्नायूला रक्त मिळालं नाही. तो लुळा पडलाय."

"म्हणजे परकराची नाडी तुटल्यासारखं?"

"तुटली का नुसती सैल पडली, हे आत्ता सांगता येत नाही."

"कधी सांगता येईल?"

"थांबावं लागेल. कित्येक महिनेही लागतात. भिंग काढलं तरी बाहुली सुधारेल असं नाही, म्हणून ते काढायची घाई करू नका."

नंबरचं विचाराल तर उजव्या डोळ्याचाही गेला होता. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मी वाचली. नवऱ्यानं ते ऐकून सुटकेचा श्वास टाकला. पण ती खोली अंधारी होती. बाहेर आल्यावर सोलापूरचं ऊन माझ्या डोळ्यात तापलेल्या पत्र्यासारखं शिरलं आणि मी नवऱ्याची बाही धरून भिंतीला टेकले.

तिथून माझं अंधारातलं राहणं सुरू झालं.

आमच्या घरात धान्याची एक खोली आहे. ज्वारीची पोती, हरभऱ्याची कोठी, खिडकी नाही. मी त्या खोलीत पथारी टाकली. दार उघडलं की अंगणातली शहाबादी फरशी चमकायची, आणि मोरी अंगणाच्या पलीकडं. दुपारची मोरीकडं जायची वेळ आली की मी डाव्या हातानं उजवा डोळा दाबून, पदर पुढं ओढून, भिंतीच्या कडेकडेनं जायचे. काळा गॉगल होता, पण त्याच्या बाजूनं उजेड घुसायचाच. दिव्याकडं पाहिलं तर त्याच्याभोवती कडं दिसायचं, आणि त्या कड्याबाहेर आणखी एक. बाहुली आतल्या भिंगापेक्षा मोठी झाली की भिंगाच्या कडेवरून उजेड फुटतो, असं त्याचं कारण. कारण कळून कडं काही जात नव्हतं.

स्वयंपाकघरातली मांडणी स्टीलच्या भांड्यांनी भरलेली. एक दिवस पाहिलं तर मांडणी रिकामी होती. आत्यांनी सगळी भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती आणि रोजच्याला न चमकणारी जर्मनची जुनी पातेली काढली होती.

पार्लरचं शटर बंदच होतं. शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या मुस्लिम बाई आहेत, सगळं गाव त्यांना चाची म्हणतं. त्या दुपारची नमाज झाली की यायच्या आणि ज्वारीच्या पोत्याला टेकून बसायच्या. "बेटी, तुझ्या बायका कुठं जात न्हाईत," म्हणायच्या. "मी सांगते त्यांना, थोडा सबर करा." पण मला आतून ऐकू यायचं. शटरवर थाप पडायची, चाचींचा आवाज, मग चपलांचा आवाज दूर जायचा. लग्नसराई तोंडावर होती. नवरी थोडीच सबर करणार!

सगळ्यात जड कशाचं झालं असेल तर आत्यांच्या गप्प राहण्याचं. त्यांनी सुरुवातीला चष्म्याची बाजू घेतली होती. आता त्या म्हणू शकत होत्या. रोज जेवायला वाढताना मला वाटायचं, आता म्हणतील. त्या भाकरी ठेवायच्या, दार लोटून घ्यायच्या. शेवटी मीच म्हणाले, "आत्या, एकदा म्हणून टाका की."

"काय म्हणू?"

"की सांगितलं होतं. चष्मा काय वाईट होता म्हणून."

आत्या उंबऱ्यात खाली बसल्या. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "म्हणून काय बाहुली बारीक व्हणार हाय का तुझी?" त्या म्हणाल्या. "व्हत असंल तर सांग, रोज म्हणते."

मला हसायला आलं आणि हसता हसता रडायला आलं. आत्या म्हणाल्या, "रडू नको, औषध वाहून जाईल," आणि ताट घेऊन गेल्या. तेवढ्यानं माझं ओझं उतरलं असं नाही. भांडायला एक माणूस होतं, तेही हातचं गेलं. नवऱ्यावर ओरडावं तर त्यानं काय केलं होतं? डॉक्टरीणबाईंवर ओरडावं तर त्यांनी नजर वाचवली होती. माझा राग त्या खोलीत माझ्यासोबतच कोंडलेला होता.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बाहुली आकसायचे थेंब घालून पाहिले. "अशा डोळ्याला याचा बहुतेक वेळा उपयोग होत नाही," असं आधीच सांगितलं. अर्ध्या तासानं त्यांनी यंत्रातून पाहिलं आणि सहायकाला हाक मारून त्यालाही बघायला लावलं. बाहुली थोडी हलली होती. पूर्ण नाही, गोलही नाही, एका बाजूनं जास्त. "म्हणजे स्नायू सगळा मेलेला नाही," त्या म्हणाल्या. "काही काम असेल तेव्हा हे थेंब घाला. रोज ऊठसूट नको."

थेंब घातले की काही तास उजेड सोसायचा. त्या बदल्यात भुवईवर जड दुखणं बसायचं आणि सगळं जरा अंधुक व्हायचं. थेंब उतरला की बाहुली पुन्हा जिथल्या तिथं. मी शटर उघडलं, पण थेंबाच्या मापानं. गोल ट्यूबलाइट काढून टाकली आणि रस्त्याकडच्या काचेला खाकी कागद चिकटवला.

बायका आल्या. पण आता त्या डोळे मिटण्याआधी माझ्याकडं बघायच्या. मी त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते, लपवणार कुठं? "ताई, तुमचा हा डोळा असा का हो बघतो?" एकीनं विचारलं. दुसरी आपल्या लेकीचा नवरीचा मेकअप ठरवायला आली होती, ती तारीख न ठरवताच उठली. मग निरोप आला, मुलीचं धाराशिवच्या पार्लरमध्ये ठरवलंय.

त्याच वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा तेरखेड्याचा, त्यांचा फटाक्यांचा कारखाना. आत्यांनी मेकअपसाठी बाहेरची बाई बोलवायचं काढलं.

नणंद म्हणाली, "आई, माझं तोंड वहिनी सोडून कुणाच्या हाती देणार न्हाय मी."

"तिला उजेड सोसत न्हाय."

"मग मी अंधारात बसते."

आणि ती बसली. कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत पडदे ओढून, एकच दिवा माझ्या पाठीमागं ठेवून, थेंब घालून मी तिला सजवलं. काजळ लावताना तिनं डोळे वर केले आणि सरळ माझ्या उजव्या डोळ्यात पाहिलं. "वहिनी, मी दिसते ह्यात," ती म्हणाली. "पूर्ण दिसते. नथीसकट." त्या डोळ्याविषयी तोवर कुणी मला असं बोललं नव्हतं.

संध्याकाळचा मुहूर्त होता. वऱ्हाड दारात आलं तसं आत्या लगबगीनं आत आल्या. "तू हितंच बस. दागिन्यांच्या बॅगा हायत, कुणीतरी लागतंच. आन् भाईर लई दिवे हायत, तुला सोसायचं न्हाय."

"ओवाळायला?"

आत्यांनी माझ्या डोळ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "ओवाळंल कुणीबी," म्हणाल्या आणि नणंदेला घेऊन गेल्या.

त्यांना माझी काळजी होती. आणि नव्या पाहुण्यांसमोर हा डोळा नको होता. दोन्ही खरं होतं. एकच असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.

मी बॅगांच्या मध्ये बसून राहिले. बाहेर मंगलाष्टका सुरू झाल्या. माईकवरचा आवाज भिंतीतून यायचा, शब्द कळायचे नाहीत, फक्त "सावधान" तेवढं कळायचं. शेवटी राहवलं नाही, उठून दार ओढलं. उघडेना. बॅगांच्या काळजीनं कुणीतरी बाहेरून कडी घातली होती, आत माणूस आहे हे न बघता. मी दार वाजवलं. त्याच वेळी बँड सुरू झाला आणि पाठोपाठ तेरखेड्याचे फटाके. मी ओरडत होते आणि मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता. पडद्याच्या फटीतून लाल-हिरवा उजेड भिंतीवर पडायचा आणि विझायचा. थेंब उतरायला लागला होता. प्रत्येक झोताला उजवा डोळा आपोआप मिटायचा. मी नवऱ्याला फोन लावत राहिले, पण त्या गोंगाटात तो उचलणार कसा? मग मी दाराला पाठ लावून खाली बसले. आपण ह्या घरातून, ह्या लग्नातून, सगळ्यातूनच वजा झालो आहोत असं त्या वेळी वाटलं. तसं पुन्हा कधी वाटू नये.

कडी काढली ती नवऱ्यानं. घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा नणंद खुर्चीतून उठली आणि वहिनी आल्याशिवाय बसणार नाही म्हणाली, असं त्यानं सांगितलं. मला जमिनीवर बसलेली बघून तो घाबरला. "कुणी घातली कडी?"

"राहू द्या. चला."

"गॉगल?"

"नको."

मंडपात पाऊल टाकलं आणि प्रत्येक दिव्याभोवती उजेडाची कडी उठली. माणसांचे चेहरे त्यात विरघळून गेले. नवऱ्याचा हात धरून मी स्टेजवर चढले. नणंदेनं मला आपल्या शेजारी ओढलं. पलीकडं आत्या होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, डोळे उघडे ठेवा." मी दोन्ही डोळे उघडले. फ्लॅश पडला. कितीतरी वेळ मला पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही. त्या पांढऱ्यात कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवला. बांगड्यांवरून कळलं की आत्या होत्या.

अल्बम महिन्याभरानं आला. फ्लॅशनं माझी उजवी बाहुली लाल आली असणार, हे मला माहीत होतं. मोठ्या बाहुलीतून आतला पडदा लाल दिसतो. मी तो फोटो शोधून काढला तर माझे दोन्ही डोळे सारखे! फोटोग्राफरनं कुणालाही न विचारता डावा डोळा उचलून उजव्याच्या जागी बसवला होता. नवरा खूश झाला. आत्या अल्बम चाचींना दाखवायला घेऊन गेल्या. त्याआधी मी फोटोतल्या त्या बाईकडं बघत बसले होते. देखणी होती. तिला त्या खोलीत कुणी कोंडलेलं नव्हतं.

आता ह्याला बराच काळ झाला. बाहुली थोडी आवळली आहे, वाकडी आहे, आणि इथंच थांबेल असं डॉक्टरीणबाईंना वाटतं. टाके घालून ती बारीक करता येते. पण टाके घातलेली बाहुली अंधारातही तेवढीच राहते, आणि पुन्हा ऑपरेशन म्हटलं की मला ती रस्त्याकडेची उलटी आठवते. "विचार करा, घाई नाही," त्या म्हणतात. मी दर वेळी विचार करते असं सांगते. खरं म्हणजे मी करत नाही.

मागच्या महिन्यात बेंबळीहून एक मुलगी आईला घेऊन आली. जाड काचांचा चष्मा. तिला हेच ऑपरेशन करायचं होतं. आईला कुणीतरी सांगितलं होतं, तेरच्या पार्लरवालीला जाऊन बघ आधी. मुलगी रागावलेली होती, आई घाबरलेली.

मी मुलीला खुर्चीत न बसवता माझ्यासमोर उभी केली आणि तिच्या हातात मोबाईलची बॅटरी दिली. "डाव्या डोळ्यावर धर." तिनं धरली. बाहुली आकसली. "आता उजव्या." तिचा हात थबकला. तिनं चष्मा वर सारला आणि अगदी जवळ येऊन पाहिलं.

"दुखतं का?"

"दुखत नाही. बाहुली मिटत नाही."

"असं सगळ्यांना होतं?"

"नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात फार क्वचित. माझ्याच डाव्याला नाही झालं."

आई म्हणाली, "बगितलंस? मी म्हणत व्हते का न्हाय?"

मुलीनं तिच्याकडं लक्षच दिलं नाही. "तुम्ही पुन्हा केलं असतं?" तिनं मला विचारलं.

बाहेर दुपार होती. खाकी कागदाच्या कडेनं उजेडाची रेघ आत येत होती. मी डाव्या डोळ्यानं तिच्या गालावरची एकेक लव मोजू शकत होते. उत्तर द्यायच्या आधी मी काचेचा सुटलेला कागद बोटानं दाबून बसवला. ती वाट बघत उभी राहिली. आई दारात चपला घालत होती.

"चल ग," आई म्हणाली, "बस जाईल."

"जाऊ दे," मुलगी म्हणाली. तिनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली.